अपलोड झालं म्हणजे सबमिट झालं असं नसतं गं

"ताई नमस्कार. मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, गाव औसा तालुक्यात, इथे पुण्यात हॉस्टेलवर राहते. आमच्या कॉलेजात असाइनमेंट-क्विझसाठी मूडल ही वेबसाइट आहे पण दोन मॅडम गूगल क्लासरूमच वापरतात, एक सर सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि क्रेडिटसाठी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा, 12 आठवड्यांचा कोर्स पण घेतलाय. दोन आठवड्यांपूर्वी डीबीएमएसची, म्हणजे डेटाबेसच्या विषयाची, असाइनमेंट मी रात्री 11:40 ला मूडलवर अपलोड केली, 12 ची डेडलाइन होती, आणि परवा मार्क लागले तर शून्य. बघितलं तर तिथे ड्राफ्ट असं लिहिलंय. त्याआधी एक क्विझ चुकली, मला वाटलं सोमवारी रात्री 12 पर्यंत आहे, ती रविवारी रात्रीच बंद झाली. बाबा म्हणतात डायरी घे. रूममेट म्हणते नोशन हे नोंदींचं अ‍ॅप लाव, तर मी ते लावलं, तीन दिवस बसून रंगीबेरंगी केलं आणि आता उघडतच नाही. शाळेत मी कधी गृहपाठ चुकवला नव्हता ताई. मी आळशी झालीये का? – ड्राफ्टमध्ये अडकलेली"

अगं बाई, तुझं पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला आणि मग हसू आलं, रागावू नकोस, कारण हे ड्राफ्टचं प्रकरण मी इतक्या वेळा बघितलंय की विचारू नको. मी स्वतः एका कॉलेजात सहा वर्षं मूडल सांभाळायचे, म्हणजे लॉगिन विसरलेल्यांना पासवर्ड देण्यापासून ते रात्री साइट बंद पडली की फोन घेण्यापर्यंत सगळं, आणि प्रत्येक सेमला सबमिशनच्या आठवड्यात दहा-बारा पोरं तरी लॅबच्या दारात उभी असायची, मॅडम आम्ही अपलोड केलं होतं हो. आणि खरंच केलेलं असायचं.

तर आळशी आहेस का ते नंतर बोलू. आधी ते शून्य, कारण त्याचं काहीतरी होऊ शकतं आणि त्याला वेळ लावून चालणार नाही.

मूडलमध्ये असाइनमेंट बनवताना शिक्षकाला एक सेटिंग असतं, विद्यार्थ्याने फाईल चढवल्यावर वेगळं सबमिटचं बटण दाबायलाच हवं की नको. काही सर ते चालू ठेवतात, म्हणजे मग पोरांना चुकीची फाईल गेली तर बदलता येते, हेतू चांगलाच असतो. पण मग होतं काय की तू फाईल टाकतेस, सेव्ह चेंजेस दाबतेस, पानावर तुझ्या फाईलचं नाव दिसतं आणि तुला वाटतं झालं. तिथे स्टेटसमध्ये मात्र ड्राफ्ट, नॉट सबमिटेड असं लिहिलेलं असतं आणि खाली अजून एक बटण तुझी वाट बघत असतं, सबमिट असाइनमेंट नावाचं, ते दाबल्यावर परत एकदा खात्री विचारते ती वेबसाइट आणि मगच स्टेटस बदलून सबमिटेड फॉर ग्रेडिंग होतं. ज्या विषयात सरांनी हे सेटिंग बंद ठेवलंय तिथे पहिल्या सेव्हलाच सबमिट होतं. म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच साइटवर, एका विषयात दोन पायऱ्या आणि दुसऱ्यात एकच, आणि हे कोणी पोरांना सांगत नाही. हा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही.

आता नीट ऐक. तुझी ती ड्राफ्टमधली फाईल सरांना दिसते. ग्रेडिंगच्या पानावर सगळ्या वर्गाची यादी असते, त्यात तुझ्या नावापुढे ड्राफ्ट असं स्टेटस आणि शेवटचा बदल कधी केला ती तारीख-वेळ असते. 11:40 म्हणतेस ना, तर तिथे 11:40 च असणार, हा सर्व्हरचा टाइम आहे, तुझ्या मोबाइलचा नाही, त्यामुळे त्याच्यावर कोणी शंका घेत नाही. आणि म्हणूनच माझी पहिली सूचना ही की त्या ड्राफ्टला आता हात लावू नकोस. एडिट सबमिशनचं बटण अजून दिसत असलं तरी फाईल काढून परत चांगली फाईल टाकू, त्यात चौथी क्वेरी सुधारू, असं काही डोक्यात आणू नकोस, कारण बदल केलास की शेवटच्या बदलाची वेळ आजची होईल आणि तुझ्याकडचा एकमेव पुरावा तूच पुसून टाकशील. जुनी नोंद लॉगमध्ये राहते खरी, पण ते लॉग उघडून बघायला लावणं म्हणजे सरांना अजून एक काम, आणि काम वाढलं की माणूस नाही म्हणतो, साधी गोष्ट आहे.

सरांना भेटताना गोष्ट फिरवून सांगू नकोस. नेट स्लो होतं, लाईट गेली होती, हे सगळं ते रोज ऐकतात. सरळ सांग की सर, असाइनमेंटची फाईल मी वेळेत चढवली होती पण शेवटचं सबमिट दाबायचं राहिलं, चूक माझी आहे, ग्रेडिंगच्या पानावर माझ्या नावापुढे ड्राफ्ट आणि वेळ दिसेल, तुम्ही एकदा बघाल का, उशिराचे मार्क कापले तरी चालेल. बस. सरांना दोन गोष्टी करता येतात, एक म्हणजे ड्राफ्ट आहे तशीच तपासून मार्क देता येतात, आणि दुसरं म्हणजे फक्त तुझ्यापुरती मुदत वाढवून देता येते, ग्रँट एक्स्टेन्शन म्हणून पर्याय असतो तिथे, मग तू ते राहिलेलं बटण दाबायचं. बऱ्याच शिक्षकांना हा पर्याय आहे हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं मुदत वाढवली की सगळ्या वर्गाची वाढेल, म्हणून ते नाही म्हणतात. तू नम्रपणे सांगू शकतेस की सर एकाच विद्यार्थ्यापुरती पण होते म्हणे. "म्हणे" नक्की लाव वाक्यात, शिकवायला आल्यासारखं वाटायला नको.

ऐकतीलच याची गॅरंटी मी देत नाही. काही सर तत्त्वाचे पक्के असतात आणि तेही त्यांच्या जागी बरोबरच असतात. पण इंटर्नल मार्क अजून वर पाठवले नसतील तर विचारायला काय जातंय.

आता क्विझचं. ते 00:00 चं भूत आहे. मूडलमध्ये तारीख टाकताना शिक्षकाने नुसती तारीख निवडली आणि तास-मिनिटांकडे बघितलं नाही तर बऱ्याचदा वेळ 00:00 अशीच राहून जाते. आता सोमवार 15 तारीख 00:00 म्हणजे काय? आपल्या बोलण्यात सोमवारी रात्री बारा म्हणजे सोमवार संपतानाचे बारा. कॉम्प्युटरच्या हिशेबाने 00:00 म्हणजे सोमवार सुरू होतानाचे, म्हणजे तुझ्या-माझ्या भाषेत रविवारी रात्रीचे बारा. पूर्ण 24 तासांचा फरक! सरांच्या पण डोक्यात सोमवार रात्रच असते बऱ्याचदा, त्यांनाही कळत नाही पोरं का ओरडतायत. म्हणून 00:00 किंवा 12:00 एएम दिसलं की डोळे झाकून एक दिवस आधीचं धरायचं. 23:59 लिहिलेलं असेल तर मात्र त्याच दिवसाची रात्र. आणि हो, प्रोफाइलमध्ये टाइमझोन एकदा बघून ठेव, आशिया/कोलकाता आहे ना, कारण तिथे चुकून दुसरं काही असेल तर सगळ्याच वेळा सरकलेल्या दिसतात, माझ्याकडे एक पोरगा आला होता त्याला सगळ्या डेडलाइन साडेपाच तास अलीकडे दिसायच्या, तो बिचारा सगळ्यांच्या आधी सबमिट करायचा आणि वर्गात पहिला यायचा, मी ते दुरुस्त केलं तर मलाच वाईट वाटलं.

अजून एक, मूडलमध्ये ड्यू डेट वेगळी आणि कट-ऑफ वेगळी. ड्यू डेट गेली की उशीर झाल्याचं लाल अक्षरात दिसतं, पण कट-ऑफ तारीख येईपर्यंत घेतं ते. तुला पानावर दिसते ती ड्यू डेट. म्हणून कधी मुदत हुकली तर तोंड पाडून झोपायचं नाही, पान उघडून बघायचं, अ‍ॅड सबमिशनचं बटण दिसतंय का, ते दिसतंय तोवर दार उघडं आहे, जे तयार असेल ते चढवायचं. शून्यापेक्षा उशिराचे पाच बरे.

आता तुझा मोठा प्रश्न, म्हणजे चार ठिकाणी चार गोष्टी. माझं मत जरा वेगळं आहे, पटतंय का बघ. लोक म्हणतात एलएमएस, म्हणजे मूडलसारखी शिकवण्याची साइट, आलं की विद्यार्थ्यांचं वेळापत्रक आपोआप लागतं. नाही लागत. मूडल 2002 साली आलं, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा मार्टिन डूगियामास नावाचा माणूस, जो लहानपणी वाळवंटी भागात राहायचा आणि शाळा रेडिओवरून शिकायचा, त्याने बनवलं, आणि त्याच्या डोक्यात होतं की लांब लांबची मुलं एकमेकांशी बोलत बोलत शिकतील. आपल्याकडे त्याचं काय झालंय तर टपालपेटी. पीडीएफ टाका, पीडीएफ घ्या. आणि कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की रातोरात कोर्सची पानं उगवतात त्यावर, पावसाळ्यात छत्र्या उगवतात तशी, तारखा भरलेल्या असतीलच असं नाही. म्हणजे मूडल तुला तेवढंच सांगतं जेवढं शिक्षकाने त्यात भरलंय. सरांनी असाइनमेंट म्हणून न बनवता नुसती पीडीएफ अडकवली आणि शेवटची तारीख त्या पीडीएफच्या दुसऱ्या पानावर लिहिली, तर डॅशबोर्डवरच्या टाइमलाइनमध्ये काहीही दिसणार नाही. टाइमलाइन रिकामी म्हणजे काम नाही असा अर्थ काढणारी पोरं मी बघितलीयेत, त्यांचं काय झालं ते सांगत नाही.

म्हणून मी म्हणते की एलएमएस हा कॉलेजचा नोटीस बोर्ड आहे, ती तुझी डायरी नाही. नोटीस बोर्डवरून तारीख उतरवून घेणं हे तुझंच काम राहतं, मग तो बोर्ड लाकडी असो नाहीतर स्क्रीनवरचा. आणि चार बोर्ड असतील तर उतरवायची जागा एकच हवी. नोशन तुझं फसलं ते तू आळशी आहेस म्हणून नाही. जूनमध्ये नवीन वही आणली की पहिल्या पानावर कसं सुवाच्य अक्षर, दोन रंगाचे पेन, समास आखलेला, आणि पंधराव्या पानावर कोंबडीचे पाय! तसंच आहे ते. सजवण्यातच सगळा दम गेला आणि वापरायला दम उरला नाही. शिवाय ते पाचवं ठिकाण झालं ना गं, चार होती ती कमी होती का.

तुझ्या मोबाइलमध्ये गूगल कॅलेंडर असेलच. तेच वापर, कारण निम्मं काम तिथे आपोआप होतं. गूगल क्लासरूममध्ये मॅडमनी ड्यू डेट टाकली असेल तर ती त्या क्लासच्या कॅलेंडरमधून तुझ्या कॅलेंडरवर येते, फक्त कॉलेजच्या मेल आयडीने लॉगिन असायला हवं आणि बाजूच्या यादीत त्या क्लासच्या नावापुढे टिक असायला हवी, बऱ्याच जणांची ती बंद असते. मूडलचं पण आणता येतं. मूडलच्या कॅलेंडरच्या पानावर खाली एक्स्पोर्टचा पर्याय आहे, तिथे सगळे इव्हेंट निवडून कॅलेंडरची यूआरएल मिळते, ती कॉपी करायची आणि लॅपटॉपवर गूगल कॅलेंडर उघडून अदर कॅलेंडर्सच्या पुढच्या अधिकच्या खुणेवर जाऊन फ्रॉम यूआरएलमध्ये पेस्ट करायची. मोबाइलच्या अ‍ॅपमधून हे होत नाही, लॅपटॉप नसेल तर लॅबमध्ये बसून कर, पाच मिनिटांचं काम आहे आणि एकदाच करायचंय. ती यूआरएल मैत्रिणींना फॉरवर्ड करू नकोस, ती तुझ्या कॅलेंडरची किल्ली आहे, ज्याचं त्याने काढावं.

यात दोन भानगडी आहेत त्या आधीच सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नको. एक, तुमचं मूडल फक्त कॅम्पसच्या वायफायवरच उघडत असेल तर ही यूआरएल चालणार नाही, कारण गूगलचा सर्व्हर तुमच्या कॅम्पसमध्ये येऊन थोडीच बसणार आहे. दुसरं, गूगल ही बाहेरची कॅलेंडरं निवांत अपडेट करतं, बरेच तास लागतात, म्हणजे सरांनी दुपारी तारीख अलीकडे ओढली तर तुझ्या फोनला ते रात्रीपर्यंत कळलेलंच नसेल. म्हणून ज्या दिवशी सबमिशन आहे त्या दिवशी सकाळी मूडलवर जाऊन एकदा प्रत्यक्ष बघायचंच.

व्हॉट्सअ‍ॅपवाल्या सरांचं काय करायचं? तिथे कुठलीच यूआरएल नाही, तिथे फक्त तुझा अंगठा आहे. मेसेज वाचला त्या क्षणी, म्हणजे अक्षरशः उभ्या उभ्या, कॅलेंडरमध्ये टाकायचं आणि मग त्या मेसेजला ओके सर म्हणायचं. आधी ओके सर म्हटलं की डोक्यात ते काम झाल्यासारखं वाटतं, हा माझाही अनुभव आहे. तुमच्या सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, पण एकदा सांगून बघ की सरांच्या तारखा ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेव, गुड मॉर्निंग आणि बर्थडे विशच्या ढिगाऱ्यात शोधायला नको. सीआर होण्याची हौस असते ना लोकांना, मग करा की एवढं.

एनपीटीईएलबद्दल मात्र तू उगाच घाबरतेस असं वाटतंय. 12 आठवड्यांच्या कोर्सला 12 मधल्या सगळ्यात चांगल्या 8 असाइनमेंट धरतात, त्याचे 25 टक्के आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75 टक्के. म्हणजे एखादा आठवडा बुडाला तर आभाळ कोसळत नाही, दिवाळीत घरी गेलीस आणि एक राहिली तर राहू दे. मुदतीच्या आत कितीही वेळा सबमिट करता येतं, शेवटचं धरतात, म्हणून पहिल्याच दिवशी जे येतंय ते भरून सबमिट करून टाक आणि नंतर सुधार. बहुतेक कोर्सना असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री असते, तुझ्या कोर्सच्या पानावर एकदा बघून कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची रिपीट होणारी एंट्री करून टाक. पण खरी मेख तिथे नाहीच. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, त्याची फी वेगळी आणि शेवटची तारीख पण वेगळी, आणि बारा आठवडे इमानदारीत असाइनमेंट करून तो फॉर्मच विसरलेली पोरगी मी बघितलीये, क्रेडिट गेलं ना तिचं. आणि सर्टिफिकेटला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे लागतात, एकात जास्त पडले म्हणून दुसरं माफ होत नाही. त्यांचे मेल ज्या आयडीने रजिस्टर केलंस तिकडेच येतात, तो आयडी तू उघडतेस का हे आधी बघ.

मूडलचे मेल पण तसेच. कॉलेजने दिलेला मेल आयडी कोणी उघडत नाही, मलाही माहितीये. पण मूडल नीट लावलेलं असेल तर खरोखर सबमिट झाल्यावर पावतीचा मेल येतो, नुसत्या ड्राफ्टला येत नाही. पोस्टात रजिस्टर केलं की पावती मिळते तसं समज, पावती नाही तर टपाल गेलं नाही. अजून एक खूण, टाइमलाइनवरून ती असाइनमेंट नाहीशी होते सबमिट झाल्यावर, ड्राफ्ट असेल तर तिथेच बसून राहते. मूडलचं अ‍ॅप फोनमध्ये टाकून नोटिफिकेशन चालू कर, 2024 च्या ऑक्टोबरात आलेल्या 4.5 आवृत्तीपासून मुदत जवळ आली की आठवण पाठवायची सोय पण आहे, पण कॉलेजं अपडेट करायला घाबरतात, मी पण घाबरायचे, त्यामुळे तुमच्याकडे जुनीच आवृत्ती असू शकते, तिच्या भरवशावर राहू नको.

गूगल क्लासरूममध्ये ही पावतीची भानगड वेगळ्या रूपात आहे. तिथे फाईल न जोडता बघितलं तर बटणावर मार्क अ‍ॅज डन लिहिलेलं असतं, फाईल जोडली की तेच बटण टर्न इन होतं. घाईत पोरं मार्क अ‍ॅज डन दाबून मोकळी होतात, फाईल गेलेलीच नसते, आणि मॅडमना रिकामं पान. आणि मुदत संपल्यावर काहीतरी सुधारायला म्हणून अनसबमिट केलंस की परत टर्न इन करताना ते लेट म्हणून लागतं, तेव्हा तो मोह नको.

बरं आता तुझ्याकडे वळते. 11:40. हे तुला टोचणार आहे पण बोलते. ते सबमिटचं बटण दिसलं नाही कारण वीस मिनिटं राहिली होती आणि तू धापा टाकत होतीस. दुपारी चार वाजता चढवली असतीस तर ते पान तू नीट वाचलं असतंस. रात्री साडेअकरा ते बारा ही मूडलची सगळ्यात वाईट वेळ, अख्ख्या इयरची तीनशे पोरं एकदम चढवत असतात आणि कॉलेजचा सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी खोलीत एसीखाली ठेवलेला एक जुना डबा. त्यात माझ्यासारखी एखादी हुशार अ‍ॅडमिन असली की बघायलाच नको, मी एका वर्षी रोजचा ऑटोमॅटिक बॅकअप रात्री साडेअकराला लावून ठेवला होता, कोण असतंय त्या वेळी असं वाटून, आणि महिनाभर मला कळेना की बरोब्बर डेडलाइनच्या वेळी साइट का रांगते. पोरांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल.

शिवाय फाईलची साइज. नऊ पानं फोटो काढून पीडीएफ केली की 30 एमबी होते आणि मर्यादा असते 5 नाहीतर 10 ची, हे कळतं ते पण 11:50 ला. कॅमस्कॅन कर असं अजून सगळे म्हणतात, ते अ‍ॅप भारतात 2020 च्या जूनमध्येच बंद झालं, शब्द राहिला नुसता. गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, पानं सरळ येतात आणि साइज पण आटोक्यात राहते.

म्हणून कॅलेंडरमध्ये एका असाइनमेंटच्या दोन एंट्री टाकायच्या, मूडलवाली तारीख आपोआप आलीये ती सोडून. एक "डीबीएमएस सुरू" आणि एक "डीबीएमएस चढव". एलएमएस तुला दार कधी बंद होणार ते सांगतं, घरातून कधी निघायचं ते नाही सांगत. ईआर डायग्राम काढून क्वेरी लिहून रन करून आउटपुटचे स्क्रीनशॉट लावायला तुला चार-पाच तास लागतात ना, मग सुरूची एंट्री तीन दिवस आधी, आणि चढवची एंट्री मुदतीच्या दिवशी संध्याकाळी सात, मेसचं जेवण सुरू व्हायच्या आधी. जेवायला जायचं ते सबमिटेड फॉर ग्रेडिंग हे तीन शब्द डोळ्यांनी वाचून आणि स्क्रीनशॉट काढून. भूक लागलेली असते तेव्हा माणूस भराभर काम करतो, हे मी हॉस्टेलमध्ये शिकले.

आणि हे सगळं टिकवायला आठवड्यातून एक वेळ ठरव. पुण्यात आहेस म्हणजे रविवारी रात्री मेस बंद असणार, बाहेरून काहीतरी आणून रूमवर खायचं असतं. तीच वेळ धर. एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हातात फोन, मूडलचा प्रत्येक कोर्स उघडून वरपासून खालपर्यंत बघ, नुसती टाइमलाइन नाही, क्लासरूमची टू-डू बघ, त्यात मिसिंगचा वेगळा भाग असतो तो पण, सरांच्या ग्रुपवर वर स्क्रोल कर, एनपीटीईएल बघ. रूममेटला पण घे सोबत, दोघींच्या यादीत फरक निघाला म्हणजे कोणीतरी एकीने काहीतरी चुकवलंय. वीस मिनिटं लागतात. पहिल्या रविवारी तास जाईल, मग नाही.

गौरी-गणपतीला घरी जाशील तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते, लातूरच्या गाडीत बसून हॉटस्पॉटवर सबमिट करू असा प्लॅन करू नकोस, रेंज येते-जाते आणि फाईल 90 टक्क्यांवर अडकते. निघायच्या आधी चढव. आणि मिनी प्रोजेक्ट ग्रुपचा असेल तर सरांना विचारून ठेव की एकाने सबमिट केलं की पुरतं की सगळ्यांनी दाबायचं, मूडलमध्ये दोन्ही प्रकार लावता येतात आणि चौघांतला एक जण घरी जाऊन झोपला की बाकी तिघं पण ड्राफ्टमध्ये, तुझ्यासारखेच.

शाळेत गृहपाठ कधी चुकला नाही म्हणतेस, तर शाळेत बाई एकच फळा वापरायच्या गं. उजव्या कोपऱ्यात गृहपाठ लिहिलेला असायचा, सगळ्या विषयांचा, आणि दुसऱ्या दिवशी वही दाखवताना बाई समोर असायच्या. आता फळे चार आहेत आणि समोर कोणी नाही. याला आळस म्हणत नाहीत. पण पुढच्या सेमला पण 11:40 च वाजले तर मात्र मी म्हणेन हां.

बाबांनी आणलेली डायरी नाही म्हणू नकोस. त्यात तारखा लिहायच्या नाहीत, त्या कॅलेंडरमध्येच, दोन ठिकाणी लिहिलं की दोन्ही चुकतात. त्यात प्रत्येक विषयाच्या सरांच्या सवयी लिही. कोण 00:00 ठेवतं, कोणाच्या विषयात दोन बटणं आहेत, कोण कट-ऑफ लावतच नाही, कोण फक्त पीडीएफमध्ये तारीख लिहितं. सेकंड इयरला हे माहीत झालं की पुढची दोन वर्षं तीच माणसं आहेत.

आणि डीबीएमएसच्या सरांना उद्याच गाठ, पण स्टाफरूममध्ये चार जणांसमोर नको, प्रॅक्टिकल संपल्यावर ते लॅबमध्ये मशीन बंद करत थांबतात ना तेव्हा जा. तिथे मूडल उघडलेलंच असतं त्यांच्यासमोर.